अमेरिकेचा इतिहास घरबसल्या शिकताना: कुठे जायचं, काय टाइप करायचं, कुठे फसायचं नाही

बहिःस्थ एम.ए.ला इतिहास घेतला तेव्हा माझ्या वाट्याला अमेरिकेच्या इतिहासाचा एक पेपर आला. हाताशी काय, तर बाजारातलं गाइड. त्यात यादवी युद्ध अडीच पानांत उरकलेलं आणि लिंकनचा फोटो इतका काळा छापलेला की दाढी कुठे संपते आणि कोट कुठे सुरू होतो ते कळेना. म्हटलं, इंटरनेट आहे की! शाळेच्या वह्या तपासून झाल्यावर रात्री दहाला बसले आणि दोन वाजेपर्यंत ऐंशीएक पानांवर खुणा करून ठेवल्या. पुढच्या महिन्याभरात त्यातली उघडली किती? तीन.

माल भरपूर होता, बहुतेक फुकट होता, पण आत शिरायचं कुठून तेच समजत नव्हतं. ते समजायला मला वर्ष लागलं. तुमचं वर्ष जाऊ नये म्हणून हे लिहितेय. परीक्षेसाठी वाचत असाल, मुलगा किंवा भाचा तिकडच्या शाळेत शिकतोय म्हणून वाचत असाल, नाहीतर नुसतं कुतूहल असेल, क्रम हाच ठेवा.

आधी एवढं जमवा

- लॅपटॉप किंवा डेस्कटॉप. व्याख्यानं मोबाइलवर चालतात, पण दीडशे वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्राचं आठ रकान्यांचं पान मोबाइलवर वाचायला गेलात तर डोळ्यांचं वाटोळं होईल.
- एक ईमेल पत्ता, दोन-तीन ठिकाणी मोफत खातं उघडायला.
- एक जाड वही. का, ते आठव्या पायरीत सांगते.
- बारावीपर्यंतचं इंग्रजी आणि शब्दकोश.
- पैसे: शून्य. या लेखातल्या कुठल्याही जागी कार्डाचा नंबर द्यावा लागत नाही. कुणी मागितलाच, तर तुम्ही चुकीच्या पानावर आहात.

१. आधी सांगाडा उभा करा

मी केलेली पहिली चूक म्हणजे थेट जुने दस्तऐवज उघडणं. मागचंपुढचं माहीत नसेल तर वॉशिंग्टनचं पत्रही किराणा मालाच्या यादीसारखं वाटतं. आधी एक पाठ्यपुस्तक घ्या. एकच.

मोफत आणि विश्वासार्ह अशी दोन आहेत. ओपनस्टॅक्सचं ‘यू. एस. हिस्टरी’, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या उपक्रमातलं, ३२ प्रकरणांचं. पीडीएफ उतरवून घेता येते. दुसरं ‘द अमेरिकन यॉप’, अनेक इतिहासकारांनी मिळून लिहिलेलं, ३० प्रकरणांचं. ओपनस्टॅक्सची भाषा सोपी आणि मांडणी परीक्षेला सोयीची. यॉपमध्ये सामान्य माणसं जास्त भेटतात, आणि प्रत्येक प्रकरणाला जोडून त्या काळातले मूळ उतारे दिलेले असतात. मला विचाराल तर यॉप. परीक्षा पंधरा दिवसांवर आली असेल तर ओपनस्टॅक्स.

इंग्रजी मजकुराची धास्ती वाटत असेल तर मराठी विश्वकोशातली अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांवरची नोंद आधी वाचा, तीही ऑनलाइन आहे. आकडेवारी जुनी आहे, ती सोडून द्या. पण यादवी युद्ध, घटनादुरुस्ती, संघराज्य असे मराठी शब्द एकदा डोक्यात बसले की इंग्रजी वाचन निम्म्याने हलकं होतं.

ऐकून शिकणाऱ्यांसाठी येल विद्यापीठाने दोन पूर्ण अभ्यासक्रम खुले ठेवले आहेत. जोआन फ्रीमन यांची अमेरिकन क्रांतीवरची २५ व्याख्यानं आणि डेव्हिड ब्लाइट यांची यादवी युद्ध व पुनर्रचनेवरची (युद्धानंतर दक्षिणेची घडी पुन्हा बसवायचा काळ) २७. उच्चार डोक्यावरून गेले तर प्रत्येक व्याख्यानाचा लिखित मजकूरही सोबत मिळतो. मी तो छापून घेऊन एसटीत वाचायचे.

२. एकच लहान प्रश्न हातात घ्या

“मला अमेरिकेचा इतिहास शिकायचाय” या वाक्याने शोध लागत नाही. प्रश्न इतका लहान करा की त्यात एक साल आणि एक जागा बसेल.

माझा प्रश्न महात्मा फुल्यांमुळे मिळाला. ‘गुलामगिरी’ १८७३ साली निघालं आणि गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना फुल्यांनी ते अर्पण केलं. शाळेत आपण हे एका ओळीत शिकतो. मी वहीत लिहिलं: १८७३ साली अमेरिकेत मुक्त झालेल्या त्या माणसांचं प्रत्यक्षात काय चाललं होतं?

यॉपचं पुनर्रचनेवरचं प्रकरण वाचून त्या काळात दक्षिणेत काय पेटलं होतं ते कळलं, आणि नेमकं त्या सालाचा शोध घेताना कोलफॅक्स सापडलं. लुइझियाना राज्यातलं छोटंसं गाव. निवडणुकीच्या निकालावरून सत्ता कोणाची असा वाद, तिथल्या कोर्टाच्या इमारतीत जमलेले कृष्णवर्णीय नागरिक, आणि १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, सशस्त्र गोऱ्यांचा हल्ला. शरण आलेल्यांनाही मारलं. पुण्याच्या बाजूला ती अर्पणपत्रिका छापली गेली त्याच वर्षी.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांत हे कोलफॅक्स अधूनमधून येईल. तुमचा प्रश्न वेगळा असू द्या, शोधायची रीत तीच.

३. मूळ कागदापाशी जा

आता दस्तऐवज. चार जागा लक्षात ठेवा.

लायब्ररी ऑफ काँग्रेस, म्हणजे अमेरिकी संसदेची लायब्ररी. १८०० साली स्थापन झालेली. १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टन जाळलं त्यात हीही जळाली, मग माजी राष्ट्राध्यक्ष जेफरसनने आपला स्वतःचा ग्रंथसंग्रह सरकारला विकला आणि त्यावर ती पुन्हा उभी राहिली. पत्रं, नकाशे, फोटो, ध्वनिमुद्रणं, सगळं इथे आहे.

नॅशनल आर्काइव्ह्ज. सरकारचं दप्तर. स्वातंत्र्याचा जाहीरनामा, घटना, जनगणनेची पानं, मूळनिवासी जमातींशी केलेले आणि पुढे मोडलेले करार.

फाउंडर्स ऑनलाइन. वॉशिंग्टन, फ्रँकलिन, ॲडम्स, जेफरसन, हॅमिल्टन, मॅडिसन या राष्ट्रसंस्थापकांची पत्रं आणि कागद, पावणेदोन लाखांहून जास्त, टाइप केलेल्या स्वरूपात. हस्ताक्षर लावायची कटकट नाही. याचा आणखी एक उपयोग आहे. जेफरसनच्या नावावर खपणारं एखादं झणझणीत वाक्य व्हॉट्सॲपवर आलं की त्यातले चार शब्द इथे टाकून बघायचे. बऱ्याचदा सापडत नाही.

येलच्या कायदा विद्यालयाचा ॲव्हलॉन प्रकल्प. दिसायला जुनाट, पण करार, कायदे, भाषणं पटकन मिळतात.

मूळ कागद वाचल्याने काय फरक पडतो ते एका उदाहरणावर दाखवते. गाइडात लिहिलं होतं, लिंकनने १ जानेवारी १८६३ च्या जाहीरनाम्याने गुलामगिरी संपवली. नॅशनल आर्काइव्ह्जच्या पानावर तो जाहीरनामा उघडा. जेमतेम पाच पानं. मध्ये राज्यांची यादी येते: आर्कान्सा, टेक्सास, लुइझियाना… आणि लुइझियानापुढे लगेच, “वगळून”. मग एकामागून एक १३ परगण्यांची नावं, न्यू ऑर्लीन्स शहरासकट. व्हर्जिनियापुढेही तसंच. हे भाग तूर्त, जाहीरनामा निघालाच नाही असं समजून, होते तसेच ठेवायचे. म्हणजे बंडखोरांच्या, देशातून फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांच्या, ताब्यातल्या गुलामांना मुक्ती, आणि सरकारच्या ताब्यात आलेल्या भागांतले गुलाम तसेच. केंटकी, मेरीलंड, डेलावेअर, मिसुरी ही संघात राहिलेली गुलामधारी राज्यं तर यादीतच नाहीत. देशभरची बंदी आली तेराव्या घटनादुरुस्तीने, ६ डिसेंबर १८६५ ला. तीही वाचा, दोनच कलमं आहेत. त्यातही एक “वगळून” आहे: गुन्ह्याची शिक्षा म्हणून राबवून घेणं चालेल. त्या एका फटीतून दक्षिणेत कैद्यांना भाड्याने राबवायची पद्धत किती फोफावली, तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय.

इथले खड्डे तीन.

पहिला: तालिकेत नोंद दिसली म्हणजे कागद ऑनलाइन आहे असं नव्हे. शोधाच्या पानावर ‘ऑनलाइन उपलब्ध’ अशी गाळणी असते, ती आधी लावा. मी दोन संध्याकाळी अशा एका खोक्याच्या मागे घालवल्या, जे वॉशिंग्टनला प्रत्यक्ष जाऊनच उघडता आलं असतं.

दुसरा: नावं. नॅशनल आर्काइव्ह्ज हे सरकारी दप्तर. नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह ही जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठातली बिगरसरकारी संस्था, सरकारकडून गुप्त कागद मोकळे करून घेणारी. दोन्ही उत्तम, पण तळटीपेत एकीच्या जागी दुसरी लिहिलीत तर परीक्षक लाल पेन उघडणार.

तिसरा: तारखा. अमेरिकन माणूस महिना आधी लिहितो. ७/४ म्हणजे चार जुलै. आमच्या गटातल्या एकाने स्वातंत्र्याचा जाहीरनामा सात एप्रिलला मंजूर केला होता. शिवाय १७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींत जुनं कॅलेंडर होतं, त्यामुळे वॉशिंग्टनचा जन्म जुन्या कागदांत ११ फेब्रुवारी १७३१ आणि आजच्या पुस्तकांत २२ फेब्रुवारी १७३२ असा दिसतो. दोन्ही बरोबर.

४. वर्तमानपत्रं, आणि त्या काळचे शब्द

माझ्या मते सगळ्यात मजा इथे आहे, म्हणून जरा सावकाश सांगते.

लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ हा संग्रह उघडा. अठराव्या शतकापासून १९६३ पर्यंतची, वेगवेगळ्या राज्यांतली वर्तमानपत्रं पानापानाने चित्रित केलेली. राज्य निवडा, सालं निवडा, शब्द टाका. सापडलेला शब्द पानावर रंगवून दाखवतात.

मी लुइझियाना निवडलं, १८७३ टाकलं, आणि शोधलं ‘कोलफॅक्स मॅसॅकर’, म्हणजे हत्याकांड. हाती आलं थोडंसं. मग एका जुन्या बातमीत शब्द दिसला: ‘रायट’. दंगल! तो टाकल्यावर पानंच पानं. शोध चुकत नव्हता, माझा शब्द आजचा होता. मेलेले बहुतेक सगळे एका बाजूचे असूनही गोऱ्या वर्तमानपत्रांनी तिला दंगल म्हटलं, आणि तो शब्द पुढे इतका टिकला की १९५० साली गावात लावलेल्या सरकारी फलकावरही ‘कोलफॅक्सची दंगल’ असंच कोरलेलं होतं. तो फलक निघाला २०२१ मध्ये.

एकच घटना दोन वर्तमानपत्रांत वाचायची सवय लावा. ‘न्यू ऑर्लीन्स रिपब्लिकन’ हे सरकार पक्षाचं, मनरो गावचं ‘वाशिटा टेलिग्राफ’ विरोधी बाजूचं. एका खिडकीत हे, शेजारी ते. आपल्याकडे ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ शेजारी ठेवून वाचल्यासारखं. आणि पक्षांच्या नावांवरून आजचा अर्थ लावू नका. त्या काळी मुक्त गुलामांच्या हक्कांच्या बाजूने उभा होता तो रिपब्लिकन पक्ष. जेफरसनच्या काळात ‘रिपब्लिकन’ म्हणवून घेणारे तर तिसरेच; लिंकनचा पक्ष १८५४ चा.

शब्दांचा दुसरा धडा आनंदीबाई जोशींनी दिला. त्या १८८३ मध्ये अमेरिकेत गेल्या, ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. पंडिता रमाबाई त्या समारंभाला हजर होत्या. म्हटलं, तिकडच्या वर्तमानपत्रांत काही आलं असणारच. जोशी हे नाव आपण आज लिहितो तसं, शेवटी आय लावून शोधलं, तर कामाचं काही निघेना. त्या स्वतः सही करत ती शेवटी डबल ई लावून. तसं टाकलं आणि बातम्या दिसायला लागल्या. त्यांच्या कॉलेजचं दप्तर आता ड्रेक्सेल विद्यापीठाच्या वैद्यकीय अभिलेखागारात आहे. तिथे १० ऑक्टोबर १८८५ चा तो फोटो मिळतो: नऊवारीतल्या आनंदीबाई, आणि त्यांच्यासोबत शिकणाऱ्या दोघी, किमोनोतल्या केई ओकामी आणि सिरियाच्या पोशाखातल्या सबात इस्लांबूली. त्यांचा प्रबंधही तिथे आहे. तिथेसुद्धा डबल ई.

तेव्हा शोधताना एवढं ध्यानात ठेवा:

- ‘इंडियन’ टाकलंत तर अमेरिकेतले मूळनिवासी सापडतील. आपल्याकडची माणसं हवी असतील तर ‘हिंदू’, आणि तेही शेवटी डबल ओ लावलेलं जुनं स्पेलिंग. पंजाबातून गेलेल्या शिखांनाही अमेरिकन वर्तमानपत्रं सरसकट ‘हिंदू’च म्हणत.
- कृष्णवर्णीयांसाठी त्या काळी वापरात असलेले ‘नीग्रो’, ‘कलर्ड’ हे शब्द आज आपण वापरत नाही, पण शोधाच्या चौकटीत ते टाकावेच लागतात. आपल्या लेखनात मात्र फक्त अवतरणात.
- अठराव्या शतकातल्या छपाईत एस हे अक्षर एफसारखं दिसायचं. यंत्र ते एफ म्हणूनच वाचतं. ‘काँग्रेस’ सापडली नाही तर ‘काँग्रेफ्स’ शोधून बघा. खरंच सापडते.
- लुइझियानात ‘पॅरिश’ म्हणजे चर्चचा पाडा नव्हे, आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा प्रशासकीय भाग. कोलफॅक्स ग्रँट पॅरिशमध्ये येतं. परगण्याला राष्ट्राध्यक्षाचं नाव, गावाला उपराष्ट्राध्यक्षाचं.

५. फोटो, आवाज आणि आकडे

महामंदीच्या काळात सरकारी खात्याने फोटोग्राफर गावोगाव पाठवले. ते फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत, कृष्णधवल निगेटिव्हच पावणेदोन लाखांच्या घरात. डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला ‘मायग्रंट मदर’ तुम्ही पाहिलेला असेल. त्याच्या नोंदीवर शेजारच्या क्रमांकाचे फोटो बघायची सोय आहे, ती दाबा. त्याच बाईचे त्याच तंबूतले आणखी फोटो दिसतात. लांबून सुरुवात करून लँग कशी जवळ जवळ गेली, चौकटीतून काय काय बाहेर राहिलं, ते कळतं. मूळ निगेटिव्हमध्ये कोपऱ्यात एक अंगठा होता, तो नंतर पुसला.

तिथेच १९३६ ते १९३८ दरम्यान घेतलेल्या, पूर्वी गुलाम असलेल्या माणसांच्या २,३०० हून जास्त मुलाखती आहेत. जरूर वाचा, पण जपून. विचारणारे बहुतेक गोरे, सांगणारे ऐंशी-नव्वदीचे, गरीब, आणि समोरचा सरकारी माणूस आपलं पेन्शन करून देईल अशा आशेवर असलेले. म्हातारा “मालक चांगला होता” म्हणतो तेव्हा खोलीत कोण बसलंय ते आधी बघा. बोलीचं स्पेलिंगही मुलाखतकारांनी आपापल्या मनाने वाकवलेलं आहे.

आकडे हवेत तर ‘स्लेव्ह व्हॉयेजेस’. आफ्रिकेतून गुलाम नेणाऱ्या ३६,००० हून जास्त सफरींची नोंद. सुमारे १ कोटी २५ लाख माणसं जहाजांत कोंबली, सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत उतरली. त्यातली आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर थेट उतरवलेली किती? सुमारे ३ लाख ८८ हजार. बाकीची मुख्यतः ब्राझील आणि कॅरिबियन बेटांवर. हा आकडा बघितल्यावर मी गाइड मिटून ठेवलं.

आणि शहरात राहणाऱ्यांना ‘मॅपिंग इनइक्वालिटी’ बघाच. १९३० च्या दशकात सरकारी संस्थेने शहरांच्या वस्त्यांना कर्ज देण्यायोग्यतेनुसार हिरवा, निळा, पिवळा, लाल असे रंग दिले, ते नकाशे. लाल वस्तीवर टिचकी मारा आणि मूल्यमापकाचा शेरा वाचा. कारण म्हणून तिथे कोण राहतं ते सरळ लिहिलेलं असतं.

६. आपली माणसं तिकडच्या दप्तरांत

मराठी वाचकाला इथे जो हुरूप येतो तो पाठ्यपुस्तकाने येत नाही, म्हणून वेगळी पायरी.

डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात होते हे आपल्याला पाठ आहे. पण १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणारे अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पाठवलेलं पत्र तुम्ही बघितलंय का? मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टच्या ग्रंथालयाने डू बॉइस यांचे सगळे कागद ‘क्रेडो’ नावाच्या संग्रहात ऑनलाइन ठेवलेत. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं आंबेडकरांच्या कानावर आलं होतं. अस्पृश्यांसाठी तसंच करण्याचा विचार होता, म्हणून त्यांनी त्या अर्जाच्या दोन-तीन प्रती मागितल्या. डू बॉइस यांचं ३१ जुलैचं उत्तरही तिथेच आहे. टाइप केलेलं, साधं, कामाचं पत्र. मी ते पडद्यावर मोठं करून कितीतरी वेळ बघत बसले.

‘साडा’, म्हणजे दक्षिण आशियाई अमेरिकनांचं डिजिटल अभिलेखागार, २००८ पासून चालू आहे. गदर चळवळीची, म्हणजे अमेरिकेतल्या भारतीय क्रांतिकारकांची पत्रकं, स्थलांतरितांचे कौटुंबिक फोटो. तळेगाव ढमढेऱ्याचे विष्णू गणेश पिंगळे, पांडुरंग खानखोजे यांचा काळ समजून घ्यायला तिथून सुरुवात करा. जोडीला भगतसिंग थिंद यांचा १९२३ चा खटला वाचा. बाहेरून आलेल्यांपैकी गोऱ्यांना आणि आफ्रिकी वंशाच्यांनाच नागरिकत्व, मग भारतीय गोरा की नाही, यावर तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटलं. निकालपत्रं लायब्ररी ऑफ काँग्रेसवर आहेत. कोलफॅक्सच्या आरोपींना सोडवणारा १८७६ चा क्रुकशँक निकालही त्यातच मिळेल. समान हक्कांची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, खासगी माणसांना नाही, असं त्यात म्हटलंय.

परराष्ट्र खात्याच्या इतिहासकारांचं कार्यालय १८६१ पासून राजनैतिक कागदांचे खंड काढतं. १९७१ च्या दक्षिण आशियाई पेचावर, म्हणजे बांगलादेशच्या प्रश्नावर, अख्खा एक खंड आहे. ढाक्यातले अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी आपल्याच सरकारच्या धोरणाविरुद्ध ६ एप्रिल १९७१ ला पाठवलेली तार त्यात वाचायला मिळते. राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर आपल्याबद्दल काय बोलत होते तेही. रक्तदाब असलेल्यांनी बेताबेताने वाचावं.

७. पुस्तकं आणि लेख

इंटरनेट आर्काइव्ह, म्हणजे मोफत ऑनलाइन ग्रंथालय, तुम्हाला माहीत असेलच. अमेरिकेत प्रकाशनाला ९५ वर्षं उलटलेली पुस्तकं हक्कमुक्त होतात, ती तिथे पूर्ण मिळतात. दुसरं हाथीट्रस्ट. हो, आपला हत्तीच! हत्ती विसरत नाही म्हणून विद्यापीठांनी संग्रहाला हे नाव दिलं. तिथे काही पुस्तकं फक्त अमेरिकेतून उघडतात, तेव्हा अडलं की तेच पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर बघा.

संशोधन-लेखांसाठी जेस्टोरवर मोफत वैयक्तिक खातं उघडा. महिन्याला १०० लेख पडद्यावर वाचता येतात. उतरवता येत नाहीत, पण शंभर लेख वाचून होतात कुणाचे? त्याआधी कॉलेजच्या ग्रंथपालांना विचारा, संस्थेचं सभासदत्व असेल तर तेवढंही बंधन नाही.

पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं १८८९ चं मराठी पुस्तक, ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’, मिळालं तर सोडू नका. एका मराठी बाईने त्याच काळात तो देश कसा बघितला ते तिच्याच भाषेत.

८. वही: जिथे मी तोंडघशी पडले

प्रकल्प सादर करताना मार्गदर्शकांनी एका अवतरणावर बोट ठेवलं, “हे कुठून?” माझ्याकडे उत्तर होतं, “इंटरनेटवरून.” दुवा जपलेला, पण तो शोधाच्या निकालाचा होता. उघडला तर रिकामं पान. अवतरण काढावं लागलं, त्यावर उभा केलेला परिच्छेदही गेला.

म्हणून प्रत्येक कागदाला वहीत पाच गोष्टी: कागदाचं नाव आणि तारीख, संग्रहाचं नाव, संस्थेचं नाव, कायमचा दुवा, आणि तुम्ही तो कधी पाहिलात. बहुतेक ठिकाणी ‘पर्मालिंक’ किंवा ‘साइट’ (Cite, म्हणजे संदर्भ द्या) असं बटण असतं, तिथला दुवा घ्या. वरच्या पट्टीतला नको. सरकारी पानंही हलवली जातात, काढली जातात. महत्त्वाचं पान दिसलं की इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याची प्रत जपून ठेवा.

आणि हल्लीचा खड्डा: एआयला संदर्भ विचारू नका. अवघड इंग्रजी वाक्याचा अर्थ विचारा, हरकत नाही. संदर्भ मागितलात तर खंड, पान, साल सगळं रुबाबात देतो आणि बऱ्याचदा तसं पुस्तकच नसतं. त्याने सांगितलेला प्रत्येक कागद वरच्या जागांवर स्वतः उघडून बघितल्याशिवाय वहीत चढवायचा नाही.

९. अडलात तर विचारा

हे मला फार उशिरा कळलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये ‘आस्क अ लायब्रेरियन’ नावाची सोय आहे. फॉर्म भरायचा, जगातून कुठूनही, फुकट. आपण परदेशी, आपलं इंग्रजी तोडकंमोडकं, ते कशाला उत्तर देतील, असं म्हणून मी सहा महिने टाळलं. शेवटी ग्रँट पॅरिशच्या एका नकाशाबद्दल विचारलं. काही दिवसांनी उत्तर आलं: दोन दुवे, एका पुस्तकाचं नाव, आणि शोधताना वापरायचे तीन शब्द.

विचारताना “कोलफॅक्सबद्दल माहिती हवी” असं लिहू नका. नेमका प्रश्न, साल आणि जागा लिहा. आतापर्यंत कुठे कुठे शोधलं आणि कोणते शब्द वापरले तेही लिहा. तुम्ही भारतातून लिहिताय आणि तिथे येऊ शकत नाही हेही स्पष्ट सांगा, म्हणजे वाचनकक्षात येऊन बघा असं उत्तर येणार नाही.